सिंदेवाही : धानाचे दिवस आणि माणसाची वर्षे

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत अरण्याचा, तलावांचा आणि धानाचा जो मुलूख पसरलेला आहे, त्यास तेथील लोक झाडीपट्टी म्हणतात. पुण्या-मुंबईकडील कुटुंबांस या मुलखाची ओळख बहुधा ताडोबाच्या वाघापुरतीच असते. वाघ दिसला तर आनंदाने आणि न दिसला तर हिरमुसून मंडळी परत फिरतात. अरण्याच्या पूर्व अंगास जी शेते आहेत आणि त्या शेतांत जी माणसे राबतात, त्यांची विचारपूस करण्यास सवड कोणास असते? त्या पूर्वेकडील अंगासच सिंदेवाही हे तालुक्याचे गाव आहे. तीर्थासाठी अथवा किल्ल्यासाठी तेथे कोणी मुद्दाम जात नाही. आम्ही गेलो ते एका प्रश्नाच्या पाठीमागे लागून. माणूस किती वर्षे जगतो, कसा म्हातारा होतो आणि अखेर कशाने जातो, हे शास्त्रज्ञांस कळते तरी कसे, असा तो प्रश्न. त्याचे उत्तर एखाद्या मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत सापडेल असे कोणासही वाटेल. परंतु त्या उत्तराचा एक मोलाचा भाग याच अरण्यातील खेड्यांनी दिलेला आहे.

नागपुराहून एस. टी. च्या गाडीने निघाले म्हणजे उमरेड मागे पडते, मिरचीसाठी नावाजलेले भिवापूर येते, आणि नागभीड जवळ येऊ लागले की पाण्याचे दर्शन वारंवार होऊ लागते. हे तलाव माजी मालगुजारांच्या वेळचे. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘मामा तलाव’ असे आहे. घोडाझरीचा विस्तीर्ण तलाव याच नागभीड तालुक्यातला. आगगाडीने यावयाचे असल्यास गोंदियाहून चांदा फोर्टाकडे जाणारा मार्ग नागभीड, तळोधी, सिंदेवाही, मूल अशा क्रमाने जातो. पूर्वी या मार्गावर अरुंद रुळांची चिमुकली गाडी धावत असे. आता रूळ रुंद झाले आहेत, अरण्य मात्र दोन्ही बाजूंस तसेच उभे आहे. आम्ही गेलो तेव्हा पावसाळा संपून धान पिवळे पडू लागले होते. बांध्यांत पाणी उरले नव्हते, आणि सकाळच्या दहिवरात कापणीस आलेल्या धानाचा एक मंद सुवास सर्वत्र दरवळत होता.

या मुलखात मृत्यू म्हटला की प्रथम आठवतो तो वाघ. मे २०२५ मध्ये याच तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच हल्ल्यात वाघाच्या तावडीत सापडून गेल्या. ती वार्ता देशभरच्या वृत्तपत्रांत आली, आणि ती येणे योग्यच होते. परंतु ज्या मृत्यूची वार्ता कोठेच येत नाही, जो घरातल्या घरात बाजेवर येतो आणि ‘म्हातारपणाने गेले’ या दोन शब्दांत आटोपला जातो, त्याची मोजदाद कोणी करावयाची? आमच्या प्रवासाचा खरा विषय तो मृत्यू होय.

प्रथम धानाविषयी सांगितले पाहिजे. सिंदेवाहीस अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि तेथील मुख्य विषय अर्थातच भात. भाताच्या प्रत्येक वाणाचे आयुष्य अशा केंद्रात दिवसांनी मोजलेले असते. पेरल्यापासून सुमारे ११५ ते १२० दिवसांत तयार होणारे ते हलके धान, त्याहून अधिक मुदतीचे ते मध्यम, आणि १४० दिवसांच्या पुढे जाणारे ते भारी. कोणते वाण केव्हा पोटरीस येते, केव्हा निसवते आणि केव्हा पिकते, हे वर्षानुवर्षे टिपून ठेवल्यावाचून वाणाची शिफारस होत नाही. हे टिपून ठेवण्याचे काम पदवीधरांनीच केले आहे असेही नव्हे. नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यातील दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतातील पिकात काही निराळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखले, पुन्हा पेरले, पुन्हा पारखले, आणि त्यांतून जे बारीक दाण्याचे धान निघाले त्यास त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे ‘एच. एम. टी.’ हे नाव पडले. दादाजी २०१८ मध्ये वारले. त्यांचे धान मात्र दूरदूरच्या घरांतून शिजत आहे. सांगावयाचा मुद्दा एवढाच की, ज्या मुलखात धानाचे आयुष्य दिवसांच्या हिशेबाने ठाऊक आहे, त्याच मुलखात बांधावर बसलेल्या माणसास आपले स्वतःचे आयुष्य वर्षांच्या हिशेबानेही सांगता येत नाही.

याचा प्रत्यय आम्हांस गावाबाहेरच्या एका वस्तीत आला. ओसरीवर एक वृद्धा मोहाची टोर निवडीत बसल्या होत्या. “आजी, वय किती झाले?” असे विचारताच त्या हसल्या. “मले का ठाऊक जी! चिमूरले गोरे आले, तवा मी मायच्या कडेवर होती म्हन.” त्यांच्या मुलाने आतून आधारपत्र आणून दाखविले. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी १९४८ अशी होती. ज्या लोकांची जन्मतारीख ठाऊक नसते त्यांच्या पत्रांवर ही १ जानेवारी हटकून आढळते. परंतु चिमूरचा उठाव झाला तो १६ ऑगस्ट १९४२ रोजी, आणि त्यानंतर गोऱ्या शिपायांच्या तुकड्या त्या गावी आल्या, हा इतिहास आहे. म्हणजे आजींची स्मृती खरी मानल्यास सरकारी कागदाने त्यांचे निदान पाच वर्षांचे आयुष्य गाळून टाकले आहे! आम्ही त्यांस हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “गेली तर गेली बापा, कामं तर सरली नाही ना!”

या विनोदात संशोधनाची एक मोठी अडचण दडलेली आहे. दीर्घायुष्याचा अभ्यास करावयाचा तर प्रथम आयुष्य मोजता आले पाहिजे. आपल्या देशाच्या खानेसुमारीत वये नेहमी शून्य आणि पाच या अंकांवर गोळा होतात. साठ वर्षांचे लोक उदंड असतात, एकसष्ट वर्षांचे फार थोडे. म्हणून वय विचारावयास जाणारे कुशल कार्यकर्ते सरळ वय न विचारता प्रसंग विचारतात. चांद्याकडील प्रसंगांची यादी करावयाची तर १९४२ चे चिमूर, १९४७ चे स्वातंत्र्य, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास झालेला डॉ. आंबेडकरांचा धम्मदीक्षेचा सोहळा, १९६० चे महाराष्ट्र राज्य आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, अशी ती यादी होईल. त्या वेळी लग्न झाले होते काय, पहिले मूल केवढे होते, असे विचारीत विचारीत वयाची वर्षे जुळवितात. विदर्भात याखेरीज आणखी एक आधार आहे. जुन्या मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर देत असे. त्या कोतवाल बुकांच्या नकला आजही लोक दाखल्यांसाठी शोधीत असतात. मात्र त्या नोंदींत बहुधा बापाचे नाव आणि ‘मुलगा’ अथवा ‘मुलगी’ एवढेच असते. कोणती मुलगी, ते घरच्यांनी ओळखावयाचे.

कागद नसला म्हणजे दीर्घायुष्याच्या कथा कशा फोफावतात, हे पाश्चात्त्य देशांनीही अनुभवले आहे. सॉल न्यूमन या संशोधकाने २०१९ मध्ये असे दाखविले की, अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांत जन्मदाखल्यांची पद्धत सुरू झाली, त्याबरोबर ११० वर्षांच्या पुढील म्हणून गणल्या गेलेल्या माणसांची संख्या ६९ ते ८२ टक्क्यांनी घटली. आयुष्य घटले नव्हते, खोटी वये घटली होती. उलट फ्रान्समधील आर्ल गावच्या झान कालमां या बाई २१ फेब्रुवारी १८७५ रोजी जन्मल्या आणि ४ ऑगस्ट १९९७ रोजी, वयाच्या १२३ व्या वर्षी वारल्या. त्यांचे वय कागदपत्रांनी तपासलेले म्हणून तो विक्रम जगाने मान्य केला. आपल्याकडे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा आणि निधन ९ नोव्हेंबर १९६२ चे; शंभराव्या वर्षी त्यांस भारतरत्न मिळाले. अण्णांच्या १०४ वर्षांविषयी कोणास शंका नाही, कारण त्यांच्या आयुष्याची नोंद आहे. सिंदेवाहीच्या आजीही कदाचित शंभरी गाठतील. परंतु ती कोणास कळेल?

आता या मोजदादीचे काम एकट्यादुकट्याचे राहिलेले नाही. मुंबईस देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने अमेरिकेतील हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने भारतातील वार्धक्याचे एक दीर्घ सर्वेक्षण हाती घेतले आहे. लासी या आद्याक्षरी नावाने ते ओळखले जाते. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक माणसांची गाठ घेण्यात आली, आणि तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १९९२ पासून, इंग्लंडात २००२ पासून आणि चीनमध्ये २०११ पासून अशीच सर्वेक्षणे चालू आहेत. प्रश्न शक्य तितके सारखे ठेवलेले असतात, म्हणजे एका देशाची तुलना दुसऱ्याशी करता यावी.

घरी आलेला कार्यकर्ता काय करतो, हे ऐकण्यासारखे आहे. तो रक्तदाब मोजतो, मुठीची पकड मोजतो, ठराविक अंतर चालावयास किती वेळ लागतो ते पाहतो, बोटाच्या रक्ताचे थेंब कागदावर टिपून घेतो. दहा शब्द वाचून दाखवितो आणि काही वेळाने त्यांतील किती आठवतात ते विचारतो. घरात कोण कमावते, कोण रांधते, आजारात पैसा कोठून येतो, सुना-मुलांशी बोलणे होते की नाही, हेही तो विचारतो. कारण म्हातारपण केवळ हाडामांसांत नसते, ते घरातही असते. याच सर्वेक्षणाच्या एका शाखेने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या साह्याने साठीपुढील चार हजारांहून अधिक लोकांची बुद्धी व स्मृती सविस्तर तपासली. त्यावरून २०२३ मध्ये असा अंदाज प्रसिद्ध झाला की, साठीपुढील सुमारे ७.४ टक्के भारतीयांस स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख भरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले.

पुण्याजवळचे वढू हेही या जागतिक सहकार्यातले एक नाव आहे. तेथील खेड्यांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची अखंड नोंद ठेविली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने आफ्रिका व आशिया या खंडांतील आठ ठिकाणी पन्नाशीपुढील सुमारे ४६ हजार माणसांची जी पाहणी झाली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तीत घाना, केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका, बांगलादेश, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम यांतील ठिकाणांबरोबर वढू होते. बायका अधिक जगतात, पण प्रकृती बरी नाही असेही त्याच अधिक सांगतात, असे त्या पाहणीत दिसून आले. आमच्या वाचक भगिनींस हे सांगण्यासाठी आठ देश पालथे घालावयास नको होते, असे त्या म्हणतील. पण घरात बोललेले कोणी लिहून घेतले नव्हते, एवढाच फरक.

सिंदेवाहीहून मूल, सावली अशी गावे घेत रस्ता वैनगंगेवर येतो. नदीपलीकडे गडचिरोली. तेथून धानोऱ्याच्या रस्त्यावर, चातगावजवळ, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे शोधग्राम आहे. १९८६ पासून हे दांपत्य या जिल्ह्यात काम करीत आहे. खेड्यातील आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा केल्याने ३९ गावांतील नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, हा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिक वैद्यकपत्रात आला आणि जगभर गाजला. बालक जगू लागले म्हणजे पुढे ते म्हातारेही होणारच. म्हणून त्याच संस्थेच्या लोकांनी पुढचा प्रश्न हाती घेतला तो असा की, येथे मोठी माणसे कशाने मरतात?

उत्तर शोधण्याची रीत साधी, पण मन घट्ट करावयास लावणारी आहे. खेड्यात मृत्यू घरी होतो. डॉक्टरचा दाखला नसतो. म्हणून मृत्यूनंतर काही काळाने शिकविलेला कार्यकर्ता त्या घरी जातो, आणि अखेरच्या दिवसांत काय काय झाले, हे घरच्या माणसांस हळुवारपणे विचारून लिहून घेतो. ताप होता काय, धाप लागत होती काय, तोंड वाकडे झाले काय, एका अंगाचा हात-पाय पडला काय. या लेखी हकीकतीवरून डॉक्टर मृत्यूचे कारण ठरवितात. गडचिरोलीच्या ८६ गावांत, सुमारे ९४ हजार वस्तीत, दोन वर्षांत झालेल्या १,५९९ मृत्यूंची कारणे अशा रीतीने शोधण्यात आली. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा : सर्वांत अधिक माणसे लकव्याने, म्हणजे पक्षाघाताने, गेली होती. २२९ मृत्यू, म्हणजे शेकडा १४.३. त्यांचे सरासरी वय ६७ च्या आसपास होते आणि जवळजवळ निम्म्या बायका होत्या. शेकडा ८७ जण घरीच वारले. शेकडा ४६ जण झटका आल्यापासून पहिल्या महिन्यातच गेले.

आम्ही या आकड्यांवर पुष्कळ वेळ विचार करीत बसलो. पक्षाघात हा आपण शहरी, सुखवस्तू, बैठ्या माणसाचा रोग समजत होतो. दिवसभर चिखलात रोवणी करणाऱ्या, जंगलात मैलोगणती चालणाऱ्या माणसांचा तो पहिल्या क्रमांकाचा काळ असेल, हे कोणास वाटले असते? पण रक्तदाब वाढला तरी माणसास काही दुखत नाही. तो मोजावा लागतो, आणि खेड्यात तो मोजलाच जात नव्हता. त्यात तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला ‘खर्रा’ या मुलखात आबालवृद्धांच्या गालात असतो. वाघाच्या हल्ल्याचा पंचनामा होतो, भरपाई मिळते, गावकरी रस्ता अडवितात. लकव्याचा पंचनामा करणारे हे पहिलेच लोक. त्यांनी ‘म्हातारपणाने गेले’ हे वाक्य ऐकून घेतले नाही, पुढचा प्रश्न विचारला. आणि पुढचा प्रश्न विचारताच मृत्यूचे कारण सापडले, ते ओळखीचे निघाले, आणि टाळता येण्याजोगेही निघाले.

येथे कोणी म्हणेल की, ऐंशी वर्षांच्या माणसास औषध देऊन काय साधावयाचे? आपल्या वाडवडिलांच्या काळी तर रक्तदाब ‘शंभर अधिक वय’ इतका असावयाचाच, अशी समजूत होती. या शंकेचे उत्तरही अनेक देशांनी मिळून शोधलेले आहे. युरोप, चीन, ऑस्ट्रेलेशिया आणि ट्युनिशिया येथील ८० वर्षांवरील ३,८४५ रक्तदाबाच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचा निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांस रक्तदाबाची खरी औषधे दिली, त्यांच्यात पक्षाघाताने होणारे मृत्यू शेकडा ३९ नी आणि एकंदर मृत्यू शेकडा २१ नी कमी भरले. तेव्हा ऐंशीनंतरही उपचार व्यर्थ नसतो, हे आता श्रद्धेने नव्हे, हिशेबाने सांगता येते. झटका आलाच, तर तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ अडखळणे या खुणा ओळखून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ असे घरातील कर्त्या माणसाने म्हणता कामा नये.

१९४१ ते १९५१ या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुष्य अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. मिळालेली ही वर्षे कोणाच्या आशीर्वादाने फुकट आलेली नाहीत. त्यांत लस आहे, स्वच्छ पाणी आहे, सुईण आणि आरोग्यदूत आहे, आणि दारोदार जाऊन विचारणारा, लिहून घेणारा माणूस आहे. प्रयोगशाळेतील मोठ्या विद्येचा पाया या लिहून घेण्यावरच उभा आहे. सिंदेवाहीच्या केंद्रात धानाच्या लोंबीस जो मान आहे, तोच मान माणसाच्या आयुष्यास देणे, एवढेच हे शास्त्र मागते.

आमच्या वाचकांच्या घरांत लिहिण्याची परंपरा मोठी आहे. जन्माची घटका-पळे पत्रिकेत असतात. कोणाची तिथी कोणत्या महिन्यात, हे घरातील थोरल्या स्त्रीस पंचांग न उघडता सांगता येते. कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. परंतु आपले आजोबा कशाने गेले, आत्याबाई कोणत्या दुखण्याने अंथरुणास खिळल्या, त्यांच्या बहिणीसही तेच झाले काय, असे विचारले तर मोठमोठ्या घरांतून एकच उत्तर येते : ‘वय झाले होते.’ झाडीपट्टीतील निरक्षर घरांनी परक्या माणसास आपले दुःख सांगून जे ज्ञान जगास दिले, ते सुशिक्षित घरांनी स्वतःच्या वहीत टिपावयास काय हरकत आहे? श्राद्धतिथीच्या पुढे एक रकाना आखावा. त्यात गेलेल्या माणसाचे वय आणि मृत्यूचे खरे कारण लिहावे. त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर, जी वडील मंडळी सुदैवाने आज घरात आहेत, त्यांचा रक्तदाब महिन्यातून एकदा मोजून लिहावा. तो १४० आणि ९० या अंकांच्या वर वारंवार दिसू लागला, तर वयाचे निमित्त न सांगता वैद्याकडे न्यावे. हे काम नातवंडांकडे सोपवावे; यंत्राचा पट्टा दंडास बांधावयास त्यांस मोठी मौज वाटते, आणि त्या निमित्ताने आजीजवळ बसणेही घडते.